पावसाळ्यात इंजिनात बर्फ?
नागपूर ते चंद्रपूरजवळची मोरवा धावपट्टी, अशी नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती गिरड गावाजवळून जाते. तिथल्या फरीदबाबांच्या टेकडीवरून एखादं छोटं विमान घरघरत जाताना दिसलं की हमखास ऐकू येतं, 'पुढचा पंखा इंजिनाला वारा घालतो.' खरं तर तो पंखा विमानाला पुढे ओढतो. नागपूर फ्लाइंग क्लबकडे आहेत त्या सेस्ना 152, 172 विमानांत इंजिन थंड करायला रेडिएटर नाही, पाणी नाही. पंख्यामागच्या दोन खिडक्यांतून शिरलेली हवा इंजिनाच्या वर दाटते. आजूबाजूच्या वाटा पत्र्यांनी आणि रबरी पट्ट्यांनी बंद केलेल्या असतात, म्हणून तिला सिलिंडरच्या कडांमधूनच खाली उतरावं लागतं. मोटारसायकलच्या सिलिंडरवर असतात तशाच त्या कडा. एक पट्टी फाटली तरी हवा भलतीकडे पळते आणि सिलिंडर तापतो. सर्वाधिक ताप होतो तो चढताना, कारण तेव्हा ताकद पूर्ण आणि वेग कमी असतो.

विदर्भाच्या उन्हाचा फटका याहून वेगळा. 45 अंशांना नागपूरची हवा इतकी विरळ होते, की इंजिनाला आणि पंखांना आपण सुमारे 1,450 मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर आहोत असं वाटतं. धावपट्टी जास्त लागते.

पण सगळ्यांत घातक समजूत म्हणजे 'आपल्याकडे कुठला बर्फ!' सेस्ना 152 मध्ये कार्बुरेटर असतो. त्याच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब घटतो, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान वीसेक अंशांनी, कधी त्याहून जास्त कोसळतं. श्रावणातल्या 25 अंशांच्या दमट हवेतलं बाष्प तिथे गोठतं. इंजिनाचे फेरे हळूहळू उतरू लागतात. उतरताना, थ्रॉटल मिटलेला असताना, धोका सर्वांत मोठा. उपाय म्हणजे एक्झॉस्टभोवती तापलेली हवा आत ओढणारी मूठ. ती ओढली की फेरे आणखी घटतात, इंजिन खडखडतंही, कारण वितळलेलं पाणी आत जातं. नवशिका इथेच घाबरून मूठ परत ढकलतो. ढकलू नये, बर्फ गेला की फेरे चढतात. जमिनीवर मात्र ती ओढून ठेवू नये, कारण ही हवा गाळणीतून येत नाही आणि आपल्याकडे धूळ भरपूर. इंधन थेट फवारणाऱ्या नव्या 172 मध्ये कार्बुरेटरच नाही, त्यामुळे हा बर्फही नाही.

केबिनच्या हीटरची ऊबही एक्झॉस्टच्या सायलेन्सरभोवतालची. 'धुराची गळती झाली तर वास येईलच,' या भरवशावर राहू नये. सायलेन्सरला बारीक तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला ना रंग ना वास. पौषातल्या पहाटे हीटर लावून उडताना डोकं जड झालं, तर थंडीला दोष देत बसू नये. हीटर बंद करावा, बाहेरची हवा आत घ्यावी आणि जवळची धावपट्टी गाठावी.