परड्यातला पाचोळा जाळावा की कुजवावा?

नाताळचा गोठा उतरवला की त्यातला पेंढा आणि वाळके गवत परड्याच्या कोपऱ्यात येऊन पडते. पुढे माघ-फाल्गुनात साग, पिंपळ, देशी बदाम पाने झटकू लागतात. सकाळी अंगण झाडावे, कोपऱ्यात ढीग करावा आणि सायंकाळी त्याला काडी लावावी, ही आपल्याकडची जुनी सवय. कचरा गेला, जागा मोकळी झाली, मूठभर राख उरली. यात वाईट ते काय, असे पुष्कळ जण आम्हांला विचारतात.

"राखसुद्धा खतच की," असेही म्हणतात. ते अर्धे खरे आहे. राखेत पालाश आणि चुना राहतो. पण पानातले नत्र जवळजवळ सगळे धुराबरोबर उडून जाते, आणि मातीला भुसभुशीत करणारा, पाणी धरून ठेवणारा सेंद्रिय भाग तर पूर्णच जळतो. तेच नत्र मग आपण युरियाच्या पोत्यातून विकत आणतो. खानापूर-चंदगडकडे भाताचा तरवा भाजतात, त्याची गोष्ट वेगळी. तिथे वाफ्यातले तणाचे बी मारायचे असते. अंगणातला पाचोळा जाळण्यामागे तसलेही कारण नाही.

आणि धूर? ओलसर पाला जळत नाही, धुमसतो. अर्धवट जळण्याने कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि अतिशय बारीक कण निघतात. ते कण नाकातल्या केसांना अडत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात. घरात दम्याचे मूल असेल, म्हातारे माणूस असेल, तर या दिवसांतली रात्रभराची खोकल्याची उबळ कोपऱ्यातल्या ढिगाने वाढवलेली असू शकते. त्यात प्लॅस्टिकची पिशवी असेल तर विचारूच नका. कायद्यानेही हे बंद आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास पंचवीस हजार रुपये भरपाईचा आदेश दिला. पण दंडाच्या भीतीपेक्षा मुलाची छाती मोलाची, असे आम्हांला वाटते.

मग पाचोळ्याचे करायचे काय? त्याचे उत्तर आपल्याच देशात शंभर वर्षांपूर्वी बसवले गेले. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथे सरकारी नोकरीवर आले. इथल्या शेतकऱ्याला शिकवायला आलेला हा माणूस शेतकऱ्याकडूनच शिकत गेला. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेचे संचालक असताना, सहकारी यशवंत वाड यांच्या मदतीने, त्यांनी काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर देऊन तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ साली त्यावर निघालेल्या पुस्तकावर दोघांचीही नावे आहेत. 'इंदूर पद्धत' म्हणून ती जगभर गेली. आपल्या उकिरड्यात आणि या पद्धतीत फरक एवढाच की उकिरडा आपण टाकून देतो, आणि ही रास लावावी लागते.

घरच्या घरी ती अशी लावावी. सावलीत, विहिरीपासून लांब, तीन फूट लांब-रुंद जागा घ्यावी. तळाला तुरीच्या काटक्या पसराव्यात, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर सहा इंच वाळका पाला, मग तीन इंच ओला माल: हिरवे गवत, भाजीचे देठ, केळीचे सोपट, काँग्रेस गवत. (काँग्रेस फुलावर येण्याआधीच उपटलेले असावे, आणि उपटताना हात झाकलेले असावेत. त्याने अंगाला खाज सुटते.) वर बादलीभर पाण्यात कालवलेले शेण शिंपावे आणि दोन मुठी माती भुरभुरावी. असे थर रास तीन फूट उंच होईपर्यंत द्यावेत. याहून लहान ढीग तापत नाही, आणि खरे काम उष्णताच करते.

वाळक्या पाल्यात कर्ब फार, नत्र थोडे. हिरव्या पाल्यात आणि शेणात नत्र बऱ्यापैकी. कुजवणारे सूक्ष्म जीव कर्ब जाळून जगतात, पण वाढायला त्यांना नत्र लागते. साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असे जमले की ते वेगाने कामाला लागतात. म्हणून नुसता पाचोळा वर्षभर तसाच पडून राहतो आणि नुसते हिरवे गवत दोन दिवसांत घाण मारते. रास नीट लागली तर चार-पाच दिवसांत आतली उष्णता ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढते. लोखंडी सळई पाच मिनिटे आत खुपसून बाहेर काढावी. ती हाताला चटका देत असेल तर आत तणाचे बी मरते आहे असे समजावे. पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी रास उलथावी, बाहेरचे आत आणि आतले बाहेर. मूठ आवळली तर एखाददुसरा थेंब निघावा इतकीच ओल हवी. वास मारला तर पाणी जास्त झाले, मुंग्या लागल्या तर कमी पडले.

बेळगावचे जुने नाव वेणुग्राम. बांबूच्या या गावात सांगावे लागते की बांबूची पाने कुजायला फार वेळ घेतात. ती वेगळी ठेवून झाडांच्या आळ्यात अंथरावीत.

उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून दोन फुटी खड्डा चालतो, पण मृगानंतर आपल्या भागात खड्डा म्हणजे डबके. हॉवर्डही पावसाळ्यात जमिनीवरच रास लावीत. मे अखेर खड्ड्यातला माल वर काढावा आणि झावळ्यांनी किंवा जुन्या पत्र्याने झाकावा.

आता निपाणीकडच्या बंधूंसाठी. तंबाखूचा चुरा, देठ, बिड्यांची थोटके परड्यातल्या राशीत घालू नका. तंबाखूवरच्या मोझॅक रोगाचा विषाणू वाळलेल्या पानातही वर्षानुवर्षे टिकतो. कुजल्याने तो जाईलच असे नाही, आणि त्याच खतावर लावलेल्या मिरची-टोमॅटोला तो धरतो. तंबाखू हाताळून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय रोपांना हात लावू नये. शिजलेले अन्न, हाडे, माशांची खवले हेही नको. उंदीर येतात, आणि उंदरांमागोमाग साप.

सापाचे हसण्यावारी नेऊ नये. पाचोळ्याच्या ढिगात घोणस निवांत पडून राहते. रास उलथताना आधी लांब काठीने हलवावी, पायांत बूट असावेत, हाताने कधी उपसू नये. चावल्यास दोरी आवळणे, कापणे, चोखणे यातले काही न करता, चावलेला भाग हलू न देता, थेट सरकारी दवाखाना गाठावा. सापाच्या विषावरची लस तिथे मिळते. खुरप्याने हात कापला तर जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनाचे विचारावे, कारण त्याचे जंतू शेणामातीतच असतात.

उलथताना इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेचून कोंबड्यांना टाकाव्यात. त्यांत उसाच्या मुळ्या खाणारी हुमणी असू शकते, नाहीतर नारळाचा शेंडा पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याची पिल्ले. अर्धेकच्चे खत शेतात नेऊ नये ते यासाठीच.

खडेबाजारासारख्या दाट वस्तीत ज्यांचे दुकान आणि घर एकाच छपराखाली, त्यांना परडे कुठले? त्यांनी खताच्या रिकाम्या पोत्याला दहा-बारा भोके पाडावीत, ओला केलेला पाचोळा दाबून भरावा, वर दोन मुठी माती टाकून तोंड बांधावे आणि जिन्याखाली ठेवून द्यावे. महिन्यातून एकदा पाणी शिंपडावे. सहा ते बारा महिन्यांत कुंड्यांसाठी काळी, हलकी पानमाती मिळते.

राशीतले खत तयार झाले की ते काळपट, भुसभुशीत दिसते आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. पान ओळखू येत नाही. मग चाळून घ्यावे. चाळणीवर राहील ते नव्या राशीच्या तळाला घालावे. खाली पडेल ते भाजीच्या वाफ्यात बोटभर जाडीने पसरून मातीत मिसळावे, आणि नारळाच्या आळ्यात बुंध्यापासून हात-दीड हात सोडून घालावे.