शिपायाचा रोजमुरा

ग्रीक लोक भाकरीबरोबर तोंडी लावण्याच्या पदार्थाला ‘ऑप्सॉन’ म्हणत. महाराष्ट्रातील खेड्यांत ज्याला कोरड्यास म्हणतात, तेच हे. मासळी हे त्यातील विशेष आवडीचे. या शब्दाला खरेदीवाचक पद जोडून ‘ऑप्सोनियॉन’ हा शब्द बनला आणि सैन्यात तो शिपायाच्या निर्वाहवेतनासाठी रूढ झाला. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील इतिहासकार पॉलिबियस याने रोमन पायदळातील शिपायाचे ऑप्सोनियॉन रोज 2 ओबोल, तर घोडेस्वाराचे एक द्राख्मा, म्हणजे 6 ओबोल, असे नमूद केले आहे. त्यातूनही धान्य, कपडे व शस्त्रे यांची किंमत कापून घेतली जाई! पेशवाईतील कागदपत्रांत आढळणारा ‘रोजमुरा’ हा शब्द या अर्थाच्या बराच जवळ जातो.

नव्या करारात हा शब्द चारच वेळा येतो. लूकच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान शिपायांना लोकांकडून पैसे न उकळता आहे त्या ऑप्सोनियॉनवर समाधान मानण्यास सांगतो. उरलेले तीनही उल्लेख पौलाच्या पत्रांतील आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध उल्लेख सुमारे इ. स. 57 मध्ये लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या अखेरीस असून तेथे मरण हे पापाचे ऑप्सोनियॉन ठरते.

मराठी बायबलात येथे ‘वेतन’ हा शब्द आहे. तो चुकीचा नाही, परंतु त्यामुळे काम संपल्यावर एकदाच हाती पडणाऱ्या मोबदल्याचे चित्र उभे राहते. रोजमुरा मात्र चाकरी चालू असतानाच मिळत राहतो. मूळ शब्दाचे अनेकवचनही त्याला साजेसे आहे. या दृष्टीने पाहता मरण हा केवळ शेवटी होणारा हिशेब राहत नाही. पाप हा सेनानायक आपल्या शिपायांना जे रोज खाऊ घालतो, ते मरण होय. क्रिस कॅरागूनिस या अभ्यासकाने तर 1974 मध्ये ‘वेतन’ हा अर्थच अमान्य करून ‘शिधा’ या अर्थाचा पुरस्कार केला.

अर्थात केवळ व्युत्पत्तीवर फार विसंबता येत नाही. इजिप्तमधील पपायरसांवर अधिकाऱ्यांच्या व मजुरांच्या पगारालाही हाच शब्द आढळतो. तथापि याच अध्यायात पौलाने शरीराच्या अवयवांना ‘होप्ला’ म्हटले आहे. त्याचा अर्थ साधने असाही होतो, पण शस्त्रे हा अर्थ अधिक परिचयाचा. त्यामुळे येथे छावणीचेच चित्र अभिप्रेत असावे.

पुढच्याच शब्दांत पौल ऑप्सोनियॉनसमोर ‘खारिस्मा’, म्हणजे देवाचे कृपादान, ठेवतो. कार्थेजच्या टर्टुलियनने या शब्दासाठी लॅटिनमध्ये ‘डोनातिवुम’ हा शब्द योजला. सम्राट गादीवर बसताना सैनिकांना पगाराखेरीज जी बक्षिसी वाटत असे, तिचे ते नाव होते.