ढगांआडून पिकांची पाहणी

खानदेशात कपाशीला पाते-फुले लागण्याचा आणि आभाळ भरून राहण्याचा काळ एकच असतो. साध्या उपग्रहास छायाचित्र घेण्यासाठी सूर्यप्रकाश व निरभ्र आकाश लागते. त्यामुळे धुळे-जळगावकडील पिकांची खबर ज्या दिवसांत सर्वाधिक हवी, त्याच दिवसांत तो आंधळा होतो. रडारने ही उणीव बरीच भरून काढली आहे.

रडार-उपग्रह स्वतःच सूक्ष्म रेडिओलहरी जमिनीवर सोडतो व परतलेला प्रतिध्वनी नोंदवितो. रात्र वा ढग त्याच्या आड येत नाहीत. साचलेल्या शांत पाण्यावर पडलेली लहर, आरशावरील कवडशाप्रमाणे, दुसरीकडे निघून जाते; म्हणून चित्रात ते पाणी काळे दिसते. भिजलेली जमीन कोरडीपेक्षा उजळ दिसते.

भारत व अमेरिका यांचा 'निसार' उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. सुमारे ७४७ किलोमीटर उंचीवरून तो दर १२ दिवसांनी त्याच मार्गावर परततो. दोन फेऱ्यांतील प्रतिध्वनी ताडून पाहिले असता जमीन काही सेंटिमीटर खचली तरी कळते. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात भूजलाच्या अतिउपशाने जमीन खचल्याचे पूर्वीच्या रडार-उपग्रहांनी असेच मोजले. तापीकाठी यावल-रावेरच्या गाळाच्या जमिनीत केळीसाठी कूपनलिकांचा उपसा मोठा आहे. तेथेही असे मोजमाप उपयोगाचे ठरेल.

तथापि सारा भार उपग्रहावर टाकणे बरे नव्हे. काळ्या जमिनीत कपाशीत पाणी साचल्यास चर काढून ते ताबडतोब बाहेर काढावे लागते. नाहीतर मुळांना हवा न मिळून झाडे एकाएकी मलूल होतात. ठरल्या दिवशीच येणारा उपग्रह तेथे वेळेवर पोचेल असे नाही. गुलाबी बोंडअळी तर त्यास दिसतच नाही; ती बोंड फोडूनच पाहावी लागते.

शिवाय चित्राचा अर्थ लावावयाचा तर शेतावरील खरी नोंद हवी. राज्यात २०२१ साली ई-पीक पाहणी सुरू झाली. तीत शेतकरीबंधूंनी आपले पीक व क्षेत्र वेळेवर भरावे. गावच्या कार्यकर्त्याने आपल्या वहीत गट क्रमांक, वाण, पेरणीची तारीख आणि पाणी किती दिवस तुंबले हे लिहावे, व तेही बांधावरून अंदाजाने नव्हे, शेतात उतरून. कपाशीत तुरीच्या ओळी असतील, तर त्या किती ओळींनंतर आहेत याचीही नोंद घ्यावी.