गोळीत न मावणारे द्राक्ष

मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ‘पुसा नवरंग’ आणि ‘फ्लेम सीडलेस’ यांच्या संकरातून ‘मांजरी मेडिका’ हे खास रसासाठीचे वाण विकसित केले आहे. काळ्या द्राक्षाचा मणी कापला की रंग बहुधा सालीपुरताच दिसतो आणि आतला गर फिकट निघतो. मेडिकाचा गर मात्र गडद लाल असतो. हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असून ती ऑक्सिडीकरणाला अटकाव करणाऱ्या, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, पदार्थांत मोडतात. इथपर्यंतचे सारे प्रयोगशाळेत मोजता येते. द्राक्षात सापडणाऱ्या रेस्व्हेराट्रॉल या दुसऱ्या घटकाची गोळी ‘हृदयरक्षक’ किंवा ‘आयुष्य वाढवणारी’ म्हणून विकली जाते, तेव्हा मात्र मोजमाप मागे पडते आणि दावा पुढे धावतो.

रेस्व्हेराट्रॉल हे मुळात वेलीचे संरक्षक रसायन आहे. बुरशीने हल्ला केला किंवा अतिनील किरणांचा मारा झाला की वेल ते अधिक प्रमाणात तयार करते. २००६ मध्ये मेदयुक्त आहारावरील उंदरांना ते दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे व ते अधिक जगल्याचे प्रसिद्ध झाले, आणि गोळ्यांच्या जाहिरातींना आधार मिळाला. त्या प्रयोगातली मात्रा दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे २२ मिलिग्रॅम होती. साठ किलोच्या माणसाला हेच प्रमाण सरळ लावले, तर रोज सुमारे १,३०० मिलिग्रॅम लागतील; एक लिटर लाल वाइनमध्ये पाच मिलिग्रॅम धरले, तरी हा हिशेब २६० लिटरांवर जातो. म्हणजे गोळीतली मात्रा कोणत्याही आहारातून येणारी नव्हे, आणि तिला ‘द्राक्षाचा नैसर्गिक गुण’ म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

शिवाय, पोटात गेलेले सारे रेस्व्हेराट्रॉल शरीराच्या कामी येत नाही. आतडे आणि यकृत त्याला सल्फेट वा ग्लुकुरोनिक आम्ल जोडून त्याचे झपाट्याने रूपांतर करतात, त्यामुळे मूळ रूपातला अंश रक्तात नगण्य उरतो. पेशींवर थेट हे रसायन टाकून मिळालेले निष्कर्ष म्हणूनच माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. इटलीतील किआंती भागात ६५ वर्षांवरील ७८३ व्यक्तींच्या लघवीतील रेस्व्हेराट्रॉलचे अवशेष मोजून त्यांच्या प्रकृतीचा नऊ वर्षे मागोवा घेण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या प्रमाणाचा मृत्यू, हृदयविकार वा कर्करोग यांपैकी कशाशीही संबंध आढळला नाही.

मेडिकाचे मोल याने उणावत नाही. उत्तम रंगाचा रस देणारे वाण बागायतदाराला मिळणे ही मोठी गोष्ट आहे. तरीही त्याचा रस औषध ठरत नाही, कारण द्राक्षरसाच्या २०० मिलिलिटरच्या पेल्यात साधारण ३० ग्रॅम साखर असते आणि गाळताना साल व चोथा वेगळा झाल्याने तंतुमय भाग बहुतांशी निघून गेलेला असतो. मधुमेह्याच्या दृष्टीने हा आकडा कोणत्याही अँटिऑक्सिडंटपेक्षा आधी पाहण्याजोगा आहे. गोळ्यांपुरते पाहिले, तर पूरक आहारासंबंधीच्या भारतीय नियमांनुसार वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावेच लागते.