‘युग’ आणि ‘सार्वकालिक’ : बायबलमधील कालसंकल्पनेचे मराठी रूप

बायबलमधील कालविचाराचा शोध घेताना अभ्यासकाला हिब्रू ‘ओलाम’ आणि ग्रीक ‘आयोन’ या दोन शब्दांपाशी थांबावे लागते. प्रचलित मराठी बायबलात ‘आयोन’साठी प्रामुख्याने ‘युग’ हा शब्द येतो. त्याच नामापासून सिद्ध झालेल्या ‘आयोनिओस’ या विशेषणासाठी मात्र ‘सार्वकालिक’ हा शब्द रूढ झाला आहे. ग्रीकमध्ये एका कुळातील असलेले हे दोन शब्द मराठीत परस्परांचे कोणी लागत नाहीत. हा प्रश्न केवळ शब्दयोजनेचा नाही. ख्रिस्ती परंपरेतील एका जुन्या व गंभीर वादाची एक बाजू या विलगीकरणामुळे मराठी वाचकाच्या दृष्टीआड जाते.

‘ओलाम’ म्हणजे ज्याचा आरंभ किंवा अंत नजरेच्या टप्प्यात येत नाही असा दूरवरचा काळ. तो अमर्याद असलाच पाहिजे असे नाही. ‘निर्गम’च्या 21व्या अध्यायात दास आपल्या धन्याची सेवा ‘ओलाम’पर्यंत करतो, तेथे मर्यादा त्याच्या आयुष्याची आहे. योनाच्या प्रार्थनेत पृथ्वीचे अडसर त्याच्यामागे ‘ओलाम’साठी लागले आहेत, आणि तरीही कथेनुसार तो तीन दिवसांनी बाहेर येतो. हाच शब्द ईश्वराच्या बाबतीत योजला, की त्याला अंत उरत नाही. याचा अर्थ असा, की शब्दाची व्याप्ती विशेष्यावरून ठरते. ख्रिस्तपूर्व काळात हिब्रू ग्रंथांचे जे ग्रीक भाषांतर झाले, त्याने ‘ओलाम’साठी सामान्यतः ‘आयोन’ स्वीकारला आणि हा लवचीकपणा ग्रीकमध्ये आला.

नव्या करारात या शब्दाला आणखी एक परिमाण प्राप्त होते. तत्कालीन यहुदी विचारातील ‘हे युग’ आणि ‘येणारे युग’ ही जोडी शुभवर्तमानांत व पौलाच्या पत्रांत दिसते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात वर्तमान युग दुष्ट म्हटले आहे. तर करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात युगांचे शेवट आपल्यावर येऊन ठेपल्याची जाणीव आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येणाऱ्या युगाच्या सामर्थ्याची रुची आताच घेतलेल्यांचा उल्लेख येतो. जुने युग संपलेले नाही आणि नवे मात्र सुरू झाले आहे, अशी ही परस्परांत शिरलेली अवस्था आहे.

या आशयासाठी ‘युग’ शब्द कितपत समर्थ आहे? पुराणांतील युगकल्पना गणिती आणि आवर्ती आहे. कलियुग 4,32,000 वर्षांचे, चतुर्युग 43,20,000 वर्षांचे, आणि अशा 1,000 चतुर्युगांचा एक कल्प. कलीनंतर पुन्हा कृतयुग येते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील ‘युगाची समाप्ती’ ऐकताना या संस्कारात वाढलेल्या वाचकाच्या मनात पुनरावर्तन उभे राहिले तर नवल नाही. परंतु ‘युग’ शब्दाचे मराठी जीवन पौराणिक गणितापुरते नाही. विठ्ठल अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे, या वारकरी धारणेत युगांची संख्या आवर्तनापेक्षा अखंड उपस्थिती सुचवते. ‘युगानुयुग’ हा समासही असाच. हिब्रू-ग्रीक द्विरुक्तीशी त्याची घडण जुळते, म्हणून तो बायबलात सहज सामावला. शिवाय पुराणांत प्रत्येक युगाच्या आरंभी संध्या व अखेरीस संध्यांश मानलेला आहे. पौलाला अभिप्रेत असलेल्या अवस्थेला भारतीय परिभाषेत जवळची कल्पना शोधायची तर ती या युगसंधीत सापडते, युगचक्रात नव्हे.

आवर्ती काळाचा प्रश्न मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आरंभापासूनच उपस्थित होता. 1579मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616मध्ये प्रसिद्ध झाले. ‘पहिले पुराण’ विश्वोत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या प्रतीक्षेपर्यंत येते. ‘दुसरे पुराण’ ख्रिस्तचरित्र सांगते. पुराणाच्या परंपरागत पाच लक्षणांपैकी सर्ग आणि वंश येथे ओळखू येतात. मन्वंतरांच्या आवर्तनाला मात्र स्थान नाही. स्टीफन्सने पुराणाचा आकार घेतला आणि त्यातील काळ एकदाच घडणाऱ्या घटनेभोवती दोन भागांत मांडला. चक्राविरुद्ध वाद न घालता रचनेनेच त्याने हे साधले.

‘सार्वकालिक’ शब्दाचा प्रश्न अधिक बिकट आहे. मत्तयाच्या 25व्या अध्यायाच्या अखेरीस शिक्षा आणि जीवन या दोहोंना ‘आयोनिओस’ हे एकच विशेषण लावले आहे. ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या 21व्या खंडात या समांतरतेवर भर दिला : जीवन अनंत असेल तर शिक्षाही अनंत मानली पाहिजे. याउलट ओरिजेन व न्यिसाचा ग्रेगरी यांच्या विचारात शिक्षेचे प्रयोजन शुद्धीकरण आहे, आणि म्हणून तिचा अंत कल्पिता येतो. या मताचे पुढील काळातील समर्थक ‘आयोनिओस’चा अर्थ ‘युगाशी संबंधित’ असा करतात. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘सार्वकालिक’च येत असल्याने ऑगस्टीनचा युक्तिवाद वाचकाला समजतो, प्रतिपक्षाचा आधार असलेले ‘युगा’शी नाते मात्र दिसत नाही. लॅटिन बायबलातही ‘सेक्युलुम’ व ‘एटेर्नुस’ असे दोन भिन्न शब्द येऊन हेच घडले होते, आणि ऑगस्टीन वाचत होता तो लॅटिन पाठ.

अर्थात शब्दाच्या कुळावरून सिद्धान्त उभारण्यातील धोका जेम्स बार यांनी 1962मध्येच दाखवून दिला होता. बायबलचा काळ सरळरेषेचा आणि ग्रीकांचा चक्राकार, अशी विभागणी केवळ शब्दसंग्रहावरून करता येत नाही. त्यामुळे ‘युगीन’सारखा शब्द योजल्याने वाद मिटला असता असे नाही. ‘सार्वकालिक’ शब्दाची एक जमेची बाजूही आहे. ‘कालातीत’ म्हटले असते तर काळाबाहेरच्या निश्चल सत्तेचा वेदान्ती अर्थ आला असता. बोएथियसची शाश्वतताही त्याच दिशेची आहे. योहानाच्या 17व्या अध्यायात मात्र हे जीवन म्हणजे ईश्वराला ओळखणे होय, आणि ते काळातच सुरू होते. ‘सार्वकालिक’ शब्दातील ‘काळ’ एवढे तरी सांभाळतो. मराठी पाठावर काम करणाऱ्या तौलनिक अभ्यासकाने ‘युग’ आणि ‘सार्वकालिक’ हे शब्द शेजारी ठेवून वाचले, तर भाषांतरात तुटलेला दुवा त्याला पुन्हा जोडता येतो.