मानसशास्त्रात एम.ए. : प्रवेशाआधी काय पाहावे

मानसशास्त्रात एम.ए. झाले की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येते, हा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. तो चुकीचा आहे. ही उपाधी लावून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते आणि ती परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरच मिळते. आजवरचा रूढ मार्ग एम.ए.नंतर दोन वर्षांच्या एम.फिल.चा, बंगळुरूची ‘निम्हान्स’ त्यासाठी नावाजलेली. पण २०२०च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करायचे ठरवले. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला २०२५-२६पर्यंत मुदतवाढ मिळाली, एवढेच. त्यामुळे मागच्या बॅचच्या ताई-दादांचा सल्ला आता जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

समुपदेशन, औद्योगिक मानसशास्त्र किंवा संशोधनाकडे वळायचे असेल तर परिषदेच्या नोंदणीची ही अट आड येत नाही.

महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा प्रात्यक्षिकांची चौकशी करा : रुग्णालयात किती तास, देखरेखीला कोण? इथेच बरेच अभ्यासक्रम उघडे पडतात. मुंबईच्या ‘टिस’सह अनेक संस्था सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेचे गुण धरतात, अर्जाची मुदत मात्र प्रत्येकीची वेगळी. आणि शुल्क भरण्यापूर्वी परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः उघडून पाहा. माहितीपत्रकावर विसंबू नका.