फॉर्म तारीख का घेत नाही? ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ यांचा हिशोब समजून घ्या

ॲडमिशनचे आणि स्कॉलरशिपचे दिवस आले की परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेड, कुठेही जा, सेतू केंद्रापुढे आणि ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानांपुढे पालकांची रांग दिसते. नाव, पत्ता, बँक खाते सगळे भरून होते आणि तारखेच्या रकान्यापाशी गाडी अडते. लाल अक्षरे येतात, फॉर्म पुढे सरकत नाही. मागे रांग वाढलेली असते. मग कोणीतरी म्हणते, “दुसरी कोणती तरी तारीख टाका, पुढं तर जाऊ द्या.” फॉर्म पुढे जातो, पण पुढे कागदपत्रांच्या तपासणीत दाखल्यावरची तारीख वेगळी आणि फॉर्मातली वेगळी निघते. त्या एका रकान्यामुळे मुलीची वर्षभराची स्कॉलरशिप जाऊ शकते.

तारीख, मुदत, अर्ज, दाखला हे चारही शब्द उर्दूत आहेत तसे मराठीतही आहेत. (उर्दूत दाखला म्हणजे प्रवेश, मराठीत प्रमाणपत्र, एवढाच फरक.) शब्द आपल्या ओळखीचे आहेत, पण कॉम्प्युटर त्यांचा हिशोब कसा करतो ते माहीत नसते. तेच इथे पाहू.

कॉम्प्युटर काय तपासतो?

दाखला कधी मिळाला आणि कधीपर्यंत चालेल, नोकरी कधी लागली आणि कधी सुटली, रजा कधीपासून कधीपर्यंत, अशा तारखा जोडीने विचारल्या जातात. नीट बनवलेला फॉर्म त्यांची चार प्रकारे तपासणी करतो.

पहिली गोष्ट, अशी तारीख कॅलेंडरमध्ये आहे का? ३१ जून नावाचा दिवस नाही. २९ फेब्रुवारी २०२४ होता, २०२५ मध्ये नव्हता. चारने भाग गेला म्हणजे लीप वर्ष, हा नियमही अपुरा आहे. २००० लीप वर्ष होते, २१०० नसेल.

दुसरी गोष्ट, ‘पर्यंत’ची तारीख ‘पासून’च्या आधीची तर नाही ना? दोन्ही तारखा एकच असल्या तर मात्र चालले पाहिजे, कारण एक दिवसाची रजा असू शकते. ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंतची रजा ४ दिवसांची नसून ५ दिवसांची असते. शेवटचा दिवस धरायचा की नाही, हे फॉर्म बनवणाऱ्याने आधीच ठरवावे लागते. पासपोर्टवर हाच हिशोब दिसतो. १२ मार्च २०१६ ला निघालेला दहा वर्षांचा पासपोर्ट ११ मार्च २०२६ ला संपतो, १२ मार्चला नाही.

तिसरी गोष्ट, तारखा योजनेच्या हद्दीत बसतात का? बहुतेक लोक इथेच अडकतात. हज २०२६ च्या अर्जाचे उदाहरण घ्या. हज कमिटी ऑफ इंडियाची अट अशी होती की पासपोर्ट अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत निघालेला असावा आणि किमान ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वैध असावा. अर्ज जुलै २०२५ मध्ये सुरू झाले. वर सांगितलेला पासपोर्ट त्या दिवशी चालू होता, तरी तो या अटीत बसत नव्हता. “आमचा पासपोर्ट तर चालू आहे,” असे म्हणणारे आजोबाही खरे आणि नाकारणारा फॉर्मही खरा. आज चालू असणे वेगळे आणि लागेल त्या दिवसापर्यंत चालू राहणे वेगळे.

तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्याचेही तसेच आहे. त्यावर साधारणपणे ३१ मार्चपर्यंतची मुदत लिहिलेली असते. म्हणजे २० मार्चला काढलेला दाखला नवा कोरा दिसला, तरी अकरा दिवसांत त्याची मुदत संपते आणि जूनच्या ॲडमिशनला तो कामाचा राहत नाही. नॉन क्रिमिलेअर दाखल्याची मुदतही ३१ मार्चशी बांधलेली असते. ओबीसी सवलत घेणाऱ्या आपल्या बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी कुटुंबांनी दाखला कधी काढला यापेक्षा कधीपर्यंत चालेल ही ओळ आधी वाचावी.

चौथी गोष्ट, हीच तपासणी दोनदा होते का? एकदा आपल्या मोबाईलच्या पडद्यावर आणि पुन्हा सर्व्हरवर. पडद्यावरची तपासणी चुकवता येते, म्हणून सर्व्हरवरची महत्त्वाची. त्यामुळे फॉर्म पुढे सरकला म्हणजे सगळे मान्य झाले, असे समजू नये.

कॉम्प्युटरला काय कळत नाही?

०५/०६/२०२५ ही तारीख आपल्यासाठी ५ जून, अमेरिकन पद्धतीने ६ मे. १३/०६ लिहिले तर उलट्या पद्धतीचा फॉर्म लगेच अडवेल, कारण तेरावा महिना नाही. पण ०५/०६ तो गुपचूप घेईल. म्हणून रकान्यात आधी दिवस आहे की महिना, हे पाहा. टाइप करण्याऐवजी शक्य तिथे कॅलेंडरमधून तारीख निवडा.

आणखी एक. कॉम्प्युटर फक्त तारखा एकमेकींशी ताडून पाहतो. त्या खऱ्या आहेत का, हे त्याला कळत नाही. मराठवाड्यात कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरमध्ये १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना ती तशीच लिहिली गेली. फॉर्म ती आनंदाने घेतो. आधारवर दुसरी तारीख असेल तर भांडण नंतर सुरू होते.

म्हणून फॉर्म भरायला बसण्याआधी कागद समोर ठेवा आणि दाखल्यावरच्या दोन्ही तारखा वहीत लिहून घ्या, महिना अक्षरात. शेजारी योजनेने मागितलेली शेवटची तारीख लिहा. दाखल्याची मुदत तिच्या आधी संपत असेल तर नवा दाखला काढणे, हाच उपाय. तारीख बदलून टाकणे हा उपाय नाही. सबमिट करण्याआधी प्रिंट किंवा प्रिव्ह्यू वहीशी ताडून पाहा.

फॉर्म बनवणाऱ्या मुलांसाठी

आता आपली बीसीए, इंजिनीअरिंगची मुलेही शाळा, संस्था, शिबिरे यांचे फॉर्म बनवतात. त्यांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत.

तारखा अक्षरे म्हणून ताडू नका. दिवस-महिना-वर्ष असे लिहिले तर कॉम्प्युटरला ०९-१०-२०२५ ही ऑक्टोबरची तारीख १०-०१-२०२५ या जानेवारीच्या तारखेच्या आधीची वाटते, कारण तो डावीकडून वाचतो. १९८८ मध्ये आलेल्या आयएसओ ८६०१ या मानकात म्हणूनच आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम आहे. पडद्यावर आपल्या पद्धतीने दाखवा, साठवताना हा क्रम ठेवा.

वेळेचे भान ठेवा. भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हर जागतिक वेळेवर असेल तर पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्यासाठी ‘काल’च असतो. याच गोंधळात १ जूनची तारीख ३१ मे म्हणून साठवली जाते.

आणि चूक दाखवताना नीट सांगा. ‘अवैध तारीख’ एवढ्याने रोजंदारी बुडवून आलेल्या बापाला काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहा: ‘तुमच्या दाखल्याची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली आहे. या अर्जासाठी ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेला दाखला लागेल.’ एवढे वाचले की तो माणूस कोणतीही तारीख टाकून बघणार नाही, सरळ तहसीलला जाईल.